आठ मिलिसेकंदांवरचा भाऊ

१२ जानेवारी

बारक्या,

आशीर्वाद गृहीत धर, मुद्द्यावर येतो. काल आपण जे केलं त्याला वाजवणं म्हणत नाहीत. तू बासरी लावलीस, मी चांगला मध्य लयीत ठेका धरला, आणि बघता बघता आपण दोघं मिळून इतके हळू झालो की तुझी वहिनी आतून विचारायला आली, "कुणी गेलं का?"

मी रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. दोष तुझ्याकडे आहे. तू समेची वाट बघतोस. माझी थाप तुझ्यापर्यंत यायला सेकंदाचा दहावा भाग लागतो आणि तुझा सूर इकडे यायला तेवढाच. जाऊन-येऊन दोनशे मिलिसेकंद. हा आकडा अंदाजाचा नाही. मीटर मी स्वतः जोडलंय. बाजारात मिळतात ती शोभेची असतात.

तेव्हा आजपासून नियम. एक, चित्र बंद. तुझं तोंड मी लहानपणापासून पाहतोय, त्यासाठी तार अडवायची गरज नाही. दोन, वाजवायच्या वाटेवर बोलायचं नाही. सुरुवातीला एकमेकांना नमस्कार, बस. बोलायचं असेल ते असं लिहून. तीन, मागे पडायचं नाही.

लोक म्हणतात, मोटारींचं रिवाइंडिंग करणाऱ्याला इंटरनेटमधलं काय कळणार. अरे, शेवटी तार ती तारच. आमच्या संगीत मंडळाचे सचिव आहेत ना, ते प्राध्यापक, भौतिकशास्त्र शिकवतात आणि तानपुरा लावायला घेतला की गाणाऱ्याचा घसा बसेपर्यंत लावतात, त्यांनी माझा सभासदाचा अर्ज परत पाठवला. 'गुरूचे नाव' या जागी मी रेघ मारली होती. मी त्यांना तोंडावर सांगितलं, माझा मावसभाऊ परदेशात भिंगांच्या कारखान्यात विभागप्रमुख आहे आणि रोज तिथून माझ्याबरोबर वाजवतो, तुमच्या एका तरी सभासदानं समोरच्या गल्लीतल्या माणसाबरोबर असं वाजवून दाखवावं. ते नुसते हसले. ते हसू मला उतरवायचंय, म्हणून तुझ्या लयीकडे लक्ष दे.

दादा


१४ जानेवारी

प्रिय दादा,

नमस्कार. वाट मी बघत नाही, तू बघतोस. तू धा मारलास की मला तो उशिरा ऐकू येतो. त्यावर मी सूर ठेवतो, तो तुला आणखी उशिरा ऐकू येतो. तुला वाटतं पोरगं मागे पडलं, म्हणून तू जरा सांभाळून घेतोस. तू सांभाळलंस की मला वाटतं दादा दमला, म्हणून मी सांभाळतो. आपण एकमेकांना सांभाळण्यातच बुडतोय. दोघांपैकी एकानं जरा निर्दय व्हायला हवं. ते तू हो, मोठा आहेस.

दुसरं, मी विभागप्रमुख नाही. विभागात आम्ही दोघंच आहोत आणि प्रमुख दुसरा आहे. मी भिंगाच्या कडा घासून ते फ्रेममध्ये बसवतो. हे तुला मागेही सांगितलं होतं.

आपली वेळ तुझी संध्याकाळची आणि माझी कामावर जायच्या आधीची. खालच्या मजल्यावरची बाई काठीनं छत ठोकते. तिची लय आपल्या दोघांपेक्षा पक्की आहे.

तुझा,
बारक्या


२० जानेवारी

बारक्या,

विभागात दोघं आणि दुसरा प्रमुख, म्हणजे तू उपप्रमुख झालास. मंडळात मी प्रमुख सांगून बसलोय. आता तुला खाली आणता येणार नाही. तू तिकडे जरा वर चढायचं बघ.

निर्दय होण्याबद्दल लिहिलंस. ठेका धरणाऱ्याचा तो स्वभाव नाही. साथ म्हणजे साथ. गाडी पुढे काढून मागच्याला हाक मारणं मला जमणार नाही. उपाय तारेतच शोधला पाहिजे.

खांबापासून घरापर्यंतची काचेची तार मी बदलायला घेतली आहे. कंपनीच्या माणसानं आणलेली तार मी परत पाठवली. तो वळवताना तिला कोपरा करत होता. तार वळवायची तर मोठ्या गोलाईत, नाहीतर आतला प्रकाश कुढतो. आता ती बैठकीतून कपाटासमोरून गोल फिरून जाते. कपाट उघडत नाही, पण आत काही महत्त्वाचं नव्हतं. तुझ्या वहिनीचे कपडे आहेत. सहा ते सात या वेळात घरात दुसऱ्या कुणी इंटरनेट वापरायचं नाही असा नियम केलाय. ती म्हणाली, "मी श्वास घेतला तर चालेल ना?" चालेल म्हटलं, माइकपासून लांब.

दादा


९ मार्च

आदरणीय वहिनी,

हे पत्र तुमच्या शाळेच्या ऑफिसच्या ई-मेल पत्त्यावर पाठवतोय, घरच्या नाही. कारण लगेच कळेल.

मी परत आलोय. कारखान्यातला आमचा विभाग जानेवारीअखेर बंद झाला. आमच्या कडा आता यंत्र घासतं, आणि ते बासरीही वाजवत नाही म्हणून खालच्या मजल्यावरची बाई खूश असेल. तिकडे आणखी महिनाभर खटपट केली, कुणी विचारलं नाही. गेल्या आठवड्यात विमानातून उतरलो. बस डेपोच्या मागच्या रस्त्याला कपडे धुण्याचं दुकान आहे, त्याच्या वरची खोली घेतली आहे. म्हणजे तुमच्या घरापासून बसनं चार थांबे.

दादाला सांगू नका. तुम्ही म्हणाल, का? वहिनी, ज्या माणसानं मला गावभर प्रमुख करून ठेवलंय, त्याच्या दारात बॅग घेऊन कसा उभा राहू? तो रागावणार नाही, तेच तर आहे. तो मला हाताला धरून आत नेईल, दुकानात स्टुलावर बसवेल आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगेल की हा तिकडचं सगळं सोडून माझ्यासाठी आलाय. मी जन्मभर त्या स्टुलावर बसून राहीन. मला आधी इथं कुठंतरी माझं माझं काम मिळू द्या. मग तोंड वर करून येतो.

मधल्या काळात वाजवणं बंद झालं होतं, घर बदलतोय असं दादाला कळवलं होतं. उद्यापासून परत सुरू करतोय. ते बंद ठेवणं मला जमत नाही. दिवसभर अर्ज घेऊन फिरल्यावर सहा वाजता कानात त्याची पहिली थाप आली की मी कुठंतरी कामाला आहे असं वाटतं. चित्र बंद ठेवायचा नियम त्यानंच केलाय, हे बरं. फक्त संध्याकाळी सहा वाजता झोपेतून उठल्यासारखा आवाज काढून नमस्कार म्हणावं लागेल.

तुमचा,
भाऊजी


११ मार्च

भाऊजी,

पत्र वाचलं आणि मुख्याध्यापिका बाई समोर होत्या म्हणून पुसून टाकलं. तुम्ही सांगू नका म्हणता, ठीक आहे. पण मी ह्यांच्याशी खोटं बोलणार नाही. विचारलं तर खरं सांगेन. मात्र हे मला काही विचारतील ही भीती तुम्ही बाळगू नका, एवढ्या वर्षांत त्यांनी मला फक्त "स्क्रू ड्रायव्हर कुठे आहे" एवढंच विचारलंय.

काल तुम्ही वाजवायला लागलात आणि पाच मिनिटांत हे खुर्चीतून उठून उभे राहिले. मला हाक मारली, एका कानाचा हेडफोन माझ्या कानाला लावला. म्हणाले, "ऐक. तो इथं बसलाय." मी तुमचा नुसता श्वास ऐकला आणि मला घाम फुटला. मग कळलं, ह्यांना काय म्हणायचंय. मीटरवर दोनशेच्या जागी आठ आलेत.

हे म्हणतात, तार.

जेवणाचं काय करता ते लिहा. आणि अर्ज द्यायला जाताना जरा बरा शर्ट घाला.

वहिनी


१५ मार्च

बारक्या,

बसला आहेस ना? नसलास तर बस.

आठ.

मी सहा दिवस थांबलो, कारण उथळ माणसं पहिल्या आकड्यावर नाचतात. रोज मोजलं. आठ, आठ, सात, नऊ, आठ, आठ. दहा मीटर लांब बसलेल्या माणसाचा आवाज कानापर्यंत यायला तीस लागतात. म्हणजे मोठ्या सभागृहात पुढच्या रांगेतला श्रोता मला तुझ्यापेक्षा लांब आहे. कंपनीच्या माणसाला फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, "साहेब, असं होत नाही." मी म्हटलं, तुझ्या तारेनं होत नाही, माझ्या गोलाईनं होतं. त्यानं फोन ठेवला. ज्ञान समोर आलं की माणसं अशी फोन ठेवतात.

आणि वाजवणं. बारक्या, काल त्या द्रुत लयीच्या शेवटी आपण समेवर एकदम आलो, ना तू आधी ना मी. मी पंधरा वर्षांनी तुझ्याबरोबर समेवर आलो. त्यानंतर मी थोडा वेळ मशीन बंद करून बसलो होतो, तुला वाटलं असेल लाइन गेली. लाइन ठीक होती.

आता पुढचं. मी प्राध्यापकांना आव्हान दिलंय. वीस एप्रिलला मंडळाच्या सभागृहात, सगळ्या सभासदांसमोर, मी इथून आणि तू तिथून. मागे मोठ्या पडद्यावर मीटरचा आकडा. मंडळानं मान्य केलं, अट एवढीच की जमलं तर मला सभासद करून घ्यायचं, गुरूच्या नावाची जागा रिकामी ठेवून. नाही जमलं तर पुन्हा अर्ज करायचा नाही.

त्या दिवशी तुझ्या कारखान्यातून सुट्टी घे. प्रमुखाला कोण अडवतो.

दादा


१७ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. अभिनंदन. तार चांगलीच लागली म्हणायची.

पण सभागृहाचं राहू दे ना. आपलं आपण वाजवतोय ते काय कमी आहे? पडद्यावर आकडे कशाला, लोक गाणं ऐकायला येतात की मीटर वाचायला? शिवाय त्या दिवशी माझ्याकडे काम असण्याची शक्यता आहे. नक्की नाही, पण आहे. आणि तंत्राचा भरवसा काय द्यायचा, आज आठ आहेत, उद्या परत दोनशे होतील.

तू विचार कर. मंडळ गेलं खड्ड्यात.

तुझा,
बारक्या


२ एप्रिल

बारक्या,

विचार केला. कार्यक्रम होणार.

मंडळ खड्ड्यात गेलं असतं तर मीही तिकडे फिरकलो नसतो. पण ते खड्ड्यात नाही, चांगल्या इमारतीत आहे, आणि मी इतकी वर्षं त्यांचे पंखे दुरुस्त करायला मागच्या दारानं आत जातो. शिडीवर उभा राहून त्यांची गाणी ऐकली. एकदा एक पाहुणे तबलजी तिहाई घेताना एक मात्रा खाऊन गेले, आणि सगळ्या सभागृहात ते फक्त मला कळलं. मी शिडीवरून काय बोलणार? तेव्हा मला पुढच्या दारानं एकदा जायचंय. हे तुला म्हणून लिहिलं.

आता दोन तक्रारी. परवा आमच्या रस्त्यावरून अग्निशामक गाडी भोंगा वाजवत गेली. ती पुढे गेल्यावर मिनिटाभरानं तोच भोंगा तुझ्या बाजूनं माझ्या कानात आला. याचा अर्थ माझा आवाज तुझ्या हेडफोनमधून बाहेर सांडतो, तुझ्या माइकमध्ये शिरतो आणि परत येतो. हेडफोन चांगले घे. मिनिटभर उशीर का लागला हे मात्र मी अजून शोधतोय.

दुसरी, सोमवारी आमच्याकडे वीज गेली. माझ्याकडे बॅटरी आहे, मी चालू होतो. तू मात्र त्याच क्षणी गेलास. कामाच्या वेळी वीज जाते, आणि म्हणे प्रगत देश. बॅटरी घेऊन ठेव. वीस तारखेला ही सबब चालणार नाही.

आता पत्रक छापायला घेतलंय. 'प्रकाशाच्या वेगाशी बरोबरी' असं वर घालायचंय. बरोबरी नक्की किती टक्के आहे त्याचा हिशेब रविवारी करून घालतो. मोघम लिहिणं मला पटत नाही.

दादा


१४ एप्रिल

भाऊजी,

तुम्ही विचारलंत, दादा गप्प का आहे, आठवडाभर त्याचं पत्र नाही. मलाही कळत नाही.

त्या रविवारी हे जेवून पेन्सिल घेऊन बसले, पत्रकासाठी. तुमच्या तिकडचं अंतर, प्रकाशाचा वेग, असं काहीबाही. एकदा केलं, खोडलं, पुन्हा केलं. मग मला म्हणाले, "जाऊन-येऊन चोवीस हजार किलोमीटर, भागिले आठ किती?" मी सांगितलं. मग खिडकीशी जाऊन खांबावरच्या तारांकडे बघायला लागले. मग विचारलं, "सोमवारी वीज गेली तेव्हा कुठपर्यंत गेली होती?" मी म्हटलं, मला काय माहीत, तुम्हीच शिडी घेऊन खांबावर चढता. तर म्हणाले, "हो. आपला रस्ता आणि डेपोची बाजू एकाच लाइनवर आहे." आणि चप्पल घालून बाहेर गेले.

परत आले ते तीन तासांनी, हातात माझी चादर होती, जाताना नेलेली, धुऊन, इस्त्री करून. भाऊजी, ह्यांनी आजवर चादर बाहेर धुवायला दिलेली नाही. मी म्हटलं, कुठं गेला होता? "नवीन दुकान बघून आलो. चांगलं धुतात. वर कुणीतरी बासरीवर पलटे घोकत होतं," म्हणाले. मी नुसती घडी घालत राहिले. ह्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, तुम्हाला तसं लिहिलंच होतं.

कळलंय की नाही, तुम्हीच ठरवा. रोज सहाला मात्र हे बसतात आणि तुम्हाला "शुभ सकाळ" म्हणतात, ते पूर्वी म्हणत नव्हते.

पत्रकं फाडून टाकली. म्हणाले, छपाईत चूक आहे. मी म्हटलं, मग कार्यक्रमही रद्द करा. तर म्हणाले, "शब्द दिलाय."

वहिनी


२१ एप्रिल

भाऊजी,

काल तुम्हाला नुसतं ऐकू आलं, मी समोर बसून पाहिलं. म्हणून लिहिते.

सभागृह भरलं होतं. ह्यांनी नवा शर्ट घातला होता, पुढच्या दारानं आले, आणि सवयीनं वर पंख्याकडे बघत आले. तुमची बासरी सुरू झाली तेव्हा लोक मान हलवायला लागले. ह्यांनी ठेका धरला आणि माझ्या शेजारची बाई, जी एरवी मोबाइलवर असते, तिनं मोबाइल पर्समध्ये टाकला. इतकं छान चाललं होतं. मागे पडद्यावर हा भला मोठा आठ.

पहिली बंदिश संपल्यावर प्राध्यापक उभे राहिले. त्यांनी पाकिटाच्या पाठीवर गणित केलं होतं. गोड आवाजात म्हणाले, "वाजवणं उत्तम. पण एक शंका आहे. आपले बंधू बारा हजार किलोमीटरवर आहेत. काचेच्या तारेतून प्रकाशाला जाऊन यायला किमान एकशेवीस मिलिसेकंद लागतात. आपले आठ. तेव्हा एकतर विज्ञान चुकतंय, किंवा आपले बंधू तिथं नाहीत."

सगळे हसले. पुढच्या रांगेतला एकजण म्हणाला, "पडद्यामागे बघा, तिथंच बसला असेल."

मी ह्यांच्याकडे बघत होते. ह्यांना उत्तर ठाऊक होतं, भाऊजी. "हो, भाऊ चार थांब्यांवर आहे, पण वाजवणं खरं आहे, आकडाही खरा आहे," एवढं म्हटलं असतं तरी निम्मं सभागृह ह्यांच्या बाजूनं आलं असतं. मीटरची अब्रू तरी वाचली असती. तेवढ्यात स्पीकरमधून तुमचा श्वास आला, तुम्ही बोलायला तोंड उघडल्यासारखा. ह्यांनी तबल्यावर अशी सणसणीत थाप मारली की सगळे दचकले.

मग म्हणाले, "मीटर चुकलंय."

माझा नवरा, भाऊजी. ज्यानं माझ्या बापाच्या घड्याळाला लग्नाच्या दिवशी चुकीचं म्हटलं, पण स्वतःच्या मीटरला कधी नाही.

प्राध्यापक म्हणाले, "म्हणजे?" हे म्हणाले, "घरी जोडलंय. मी त्यातलं शिकलेलो नाही. खरा आकडा दोनशे असेल." प्राध्यापक म्हणाले, "दोनशेला असं वाजवता येत नाही, गृहस्था." हे म्हणाले, "ते नशिबानं झालं. पुढचं ऐका."

आणि पुढचं तुम्ही दोघांनी जे वाजवलं ते सगळ्यांनी ऐकलं. निम्म्याहून जास्त लोक चहाला उठले. शेजारच्या बाईनं मोबाइल परत काढला. मला एवढंच सांगा, ते मुद्दाम होतं का?

मंडळाचा नकार आज सकाळी आला. हे तो वाचून पंखा दुरुस्तीचं बिल कुठं ठेवलंय ते शोधायला लागले.

वहिनी


२२ एप्रिल

आदरणीय वहिनी,

मुद्दाम होतं.

मी बोलणारच होतो. "मी इथंच आहे, डेपोच्या मागे," एवढंच. त्या थापेनं तोंड बंद केलं. आणि मग मी ऐकलं, दादा स्वतःच्या तोंडानं म्हणतोय की मी त्यातलं शिकलेलो नाही. वहिनी, मला खोलीत खुर्चीवर बसवेना.

दोनशे म्हटल्यावर दोनशेसारखं वाजायला नको का? आठवर एकदम समेवर आलो असतो तर प्राध्यापकांनी दुसरं पाकीट काढलं असतं. म्हणून मी पहिल्याच आवर्तनात जरा मागे राहिलो. दादाला क्षणात समजलं. तोही मागे आला. मी आणखी थांबलो, तो आणखी थांबला. जानेवारीत बुडायचो तसे आम्ही बुडत गेलो, अगदी पायरी पायरीनं. इतकं मिळून-मिसळून आम्ही आयुष्यात कधी वाजवलं नव्हतं. कुणी कुठं चुकायचं हे एकमेकांना न विचारता कळत होतं. शेवटी एक सम तर दोघांनी मिळून सोडूनच दिली.

लोक चहाला गेले ते मला ऐकू आलं. खुर्च्या सरकल्या.

उद्या सकाळी येऊन त्याच्या पाया पडतो. काय व्हायचं ते होवो.

तुमचा,
भाऊजी


२२ एप्रिल, संध्याकाळ

भाऊजी,

येऊ नका. मी ह्यांना सहज म्हटलं, भाऊजी एखाद्या दिवशी एकदम दारात आले तर? हे म्हणाले, "एकदम कसा येईल? बारा हजार किलोमीटर आहे. कळवून येईल." आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी वाटी उचलून आत गेले. ते काहीतरी ठरवतायत. थांबा.

वहिनी


२६ एप्रिल

बारक्या,

कार्यक्रम बरा झाला. मंडळाचं नाही जमलं. त्यांच्या पंख्यांचं काम मी सोडलंय. उन्हाळ्यात कळेल त्यांना.

दुसऱ्या विषयावर लिहितो. आपल्या मोठ्या चौकात चष्म्याचं दुकान आहे. मालकाची मोटार माझ्याकडे आली होती. बोलता बोलता म्हणाला, भिंगं घासणारा नीट माणूस मिळत नाही, यंत्र आणलंय पण ते जाड भिंगाच्या कडेला टवका पाडतं. मी म्हटलं, माझा भाऊ आहे. तिकडे काय होता, त्यानं विचारलं. प्रमुख वगैरे काही सांगितलं नाही. कडा स्वच्छ घासतो आणि बोलणं कमी, एवढं सांगितलं. तो म्हणाला, पाठवा, काम बघून ठरवीन. ठरवणार तो आहे, मी मध्ये नाही. माझ्या दुकानात तुला बसवायला जागाही नाही. स्टूल होतं ते मोडलं.

तुला तिकडचं सोडून यावंसं वाटत असेल तर ये. नसेल वाटत तर नको. पण यायचं ठरवलंस तर नीट ठरवून ये. एवढ्या लांबून माणूस येतो तो धापा टाकत सकाळी दारात उभा राहत नाही. चार मे, रविवार, तिकडचं विमान इथं संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी उतरतं. मी फलकावर वाचून आलो. आम्ही न्यायला येऊ.

विमानतळ तू गेलास त्यानंतर बदललाय, म्हणून सांगून ठेवतो. बसथांब्याकडून आत आलं की डावीकडे चहाचं दुकान आहे. तिथं कुणीही बसू शकतं, तिकीट विचारत नाहीत. तिथून पुढे काचेच्या पलीकडे, प्रवासी बाहेर येतात तो रस्ता दिसतो, आणि गर्दी झाली की दोन्हीकडची माणसं एकमेकांत मिसळतात. हे तुला उगाच माहितीसाठी. बॅग मोठी आण. एवढ्या वर्षांनी येणारा माणूस पिशवी घेऊन आला तर तुझी वहिनी मला विचारेल.

तिला यातलं काही माहीत नाही. तिला कशाला त्रास.

दादा


४ मे

आदरणीय वहिनी,

विमानतळावरच्या चहाच्या दुकानातून मोबाइलवर लिहितोय, चुका सांभाळून घ्या. तुम्ही मागे गाडीत असाल, दादा एकटाच आत आलाय.

बॅग मोठी आणली आहे. खालच्या धोब्याकडून मागून आणली, आत उशी आणि दोन बासऱ्या आहेत. बसमध्ये एका बाईनं विचारलं, कुठं निघालात? मी म्हटलं, परत आलोय. ती म्हणाली, ही बस तर विमानतळाकडे चालली आहे. मी पुढच्या सीटवर जाऊन बसलो.

चौकातल्या दुकानात उद्या सकाळी दहाला बोलावलंय. जाड भिंग देतील म्हणे, घासून दाखवायला. कडेला टवका पडला नाही तर जमेल.

दादा तासभर आधी आलाय. कार्यक्रमाला घातलेलाच शर्ट आहे. गणवेशातल्या एका माणसाला त्यानं अडवलंय आणि फलकावरची वेळ आणि भिंतीवरच्या घड्याळातली वेळ यांत दोन मिनिटांचा फरक का, हे तो त्याला विचारतोय. तो माणूस सुटका करून घेऊन गेला.

आत्ता दादा इकडे वळला. मधे काच होती, बाकी काही नव्हतं. त्यानं मला पाहिलं, वहिनी. बॅगेसकट, हातात चहाचा पेला. मी अर्धवट उठलो. त्यानं घड्याळ पाहिलं, पाचला दहा कमी होते. मग त्यानं शांतपणे माझ्याकडे पाठ केली, हात मागे बांधले आणि फलक वाचत उभा राहिला.

विमान अजून यायचंय. उतरलं की मी बाहेर जातो.

तुमचा,
भाऊजी